छोटा ट्रॅक्टर, लोडर आणि बॅकहो: या चुका टाळा

पुढे लोडर (माती उचलणारी बकेट) आणि मागे बॅकहो (खणणारा हात) लावलेला छोटा ट्रॅक्टर लांबून जेसीबीचं पिल्लू वाटतो, आणि निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात. खऱ्या बॅकहो-लोडर मशीनचं वजन सात-आठ टन असतं आणि तिची चौकट खणण्यासाठीच बांधलेली असते. या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन एक ते दीड टनाच्या आसपास. लिव्हर ओढला की तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर मात्र जीव खाऊन जोर लावतो. तो जोर पुढच्या ॲक्सलला आणि लोडरच्या चौकटीला झेपेल का, हे त्याला कळत नाही. ते चालवणाऱ्यालाच कळायला हवं.

मागे वजन नसताना लोडर चालवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि महागात पडते तीही हीच. बॅकहो जोडलेला असतो तेव्हा मागचा तोल तोच सांभाळतो. तो काढून ठेवला आणि तशीच माती उचलायला गेलात, की मागची चाकं हलकी होतात, सगळा भार पुढच्या ॲक्सलवर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि काही दिवसांनी सील गळायला लागतात.

उतारावर तर जिवावर बेततं. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे भरलेली बकेट, मागची चाकं जेमतेम टेकलेली आणि ट्रॅक्टर टू-व्हीलमध्ये असेल, तर ब्रेक दाबूनही तो घसरतच खाली जातो. फोर-व्हील टाकलेलं असलं की पुढची चाकं मागच्यांशी जोडली जातात आणि ब्रेकचा धरबंद त्यांनाही लागतो. म्हणून लोडरचं काम, त्यातही उतारावरचं, फोर-व्हीलमध्ये आणि लो रेंजमध्येच (कमी वेगाच्या गियरमध्ये) करा. पक्क्या रस्त्यावर मोकळा ट्रॅक्टर नेताना फोर-व्हील काढा, नाहीतर गियर आणि टायर विनाकारण झिजतात.

वजन कुठे लावायचं, यात एक बारकावा आहे. टायरमध्ये भरलेलं पाणी किंवा चाकांना लावलेली वजनं ट्रॅक्टरला स्थिर करतात, पण पुढच्या ॲक्सलचा भार जवळजवळ हलका करत नाहीत, कारण ती मागच्या ॲक्सलवरच बसलेली असतात. पुढचा भार कमी करायचा तर वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकायला हवं, म्हणजे थ्री-पॉइंटला (अवजारं लावायच्या मागच्या तीन टोकांच्या जोडणीला) लावलेली वजनपेटी किंवा एखादं जड अवजार. जमलं तर दोन्ही करा. एकच करायचं असेल तर वजनपेटी निवडा.

कागदावरची उचलक्षमता खरी मानणं

माहितीपत्रकातला आकडा बऱ्याचदा बकेटच्या पिनेपाशी मोजलेला असतो. माल असतो त्याच्या पुढे, म्हणजे खरी क्षमता त्याहून कमी. त्यातून बकेटचं वजनही वजा करायचं. ओली माती किंवा वाळू घनमीटरला दोन टनांच्या जवळपास भरते, म्हणजे पाव घनमीटरची बकेट काठोकाठ भरली की अर्धा टन झाला. ओझं घेऊन चालताना बकेट जमिनीलगत ठेवा आणि रिकामी करायच्या जागी पोचल्यावरच उचला. बकेट वर धरून वळण घेणं म्हणजे ट्रॅक्टर आडवा करायची तयारी. रोल-बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान) उभा असेल तर सीट-बेल्ट लावायचाच. बार दुमडलेला असेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण ट्रॅक्टर उलटलाच तर तुम्ही त्याच्याखाली बांधलेले राहाल.

बकेट वाकडी कशी होते

बकेट पूर्ण खाली झुकवून, कड जमिनीत रुतवून मागे ओढत सपाटीकरण करणं अनेकांना आवडतं. या वेळी झुकवणाऱ्या सिलिंडरांचे दांडे पूर्ण बाहेर असतात. कड दगडाला किंवा मुळाला अडकली की ते वाकतात, आणि वाकलेला दांडा सरळ होत नाही, बदलावाच लागतो. मागे ओढायचंच असेल तर बकेट थोडीच झुकवा आणि लोडर फ्लोटवर ठेवा, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वर-खाली होते. बकेटच्या एका कोपऱ्याने बुंधा उपटायला जाणं हा दुसरा हमखास मार्ग. त्याने लोडरची चौकटच पिळवटते. ढिगाऱ्यात वेगाने घुसू नका.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गियरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा ट्रॅक्टर ढिगाऱ्यात अडला की माणूस पेडल आणखी दाबतो. इथे उलटं असतं: पेडल जितकं जास्त दाबाल तितका वेग मागाल आणि ओढ कमी मिळेल. पाय थोडा सैल सोडा, ट्रॅक्टर पुन्हा ढकलायला लागेल.

बॅकहोच्या बाबतीत

विकत घेतानाच पाहा की तो ट्रॅक्टरखालून जाणाऱ्या स्वतंत्र चौकटीवर बसतो की नुसता थ्री-पॉइंटवर. नुसत्या थ्री-पॉइंटवरचा बॅकहो खणताना वर उचलला जाऊन चालकाला रोल-बारवर चेपू शकतो, आणि खणण्याचा सगळा ताण ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलच्या कवचावर येतो. दोन पैसे जास्त गेले तरी चौकटीचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खणण्यापूर्वी गियर न्यूट्रल करा, पार्किंग ब्रेक लावा, पुढची बकेट जमिनीवर दाबा, बॅकहोचे आधाराचे दोन्ही पाय टेकवा आणि ट्रॅक्टर समपातळीत आणा. उतारावर असाल तर माती चढाच्या बाजूला टाका. भरलेला बूम (बॅकहोचा मोठा हात) उताराकडे फिरवला की ट्रॅक्टरही त्याच्या मागे कलंडायला बघतो. जमिनीखाली वीज, गॅस किंवा पाण्याची लाईन आहे का, ते आधी विचारून घ्या. बूम फिरतो त्या टप्प्यात कुणालाही उभं राहू देऊ नका. खोल चरात आधार न लावता माणूस उतरवू नका. बाजू ढासळते तेव्हा आधी आवाज देत नाही.

एका घासात मोठा लचका तोडायचा मोह आवरा. बकेटचे दात सपाट कोनात ठेवून पातळ थर कापत यायचं, काम आर्म (बूमच्या टोकाचा धाकटा हात) आणि बकेटच्या वळणाने करायचं. बूमने दाबून खणायला गेलात तर माती निघण्याऐवजी ट्रॅक्टरच वर उठतो. आणि बकेट बाजूला झाडूसारखी फिरवून चर बुजवू नका. फिरवणारे सिलिंडर आणि त्यांच्या पिना त्यासाठी नसतात. बुजवायला पुढचा लोडर आहेच.

काही बिघडलं असं वाटलं तर

बॅकहो काढल्यावर लोडर चालेना आणि पंप किंचाळायला लागला, तर आधी इंजिन बंद करा. बऱ्याच ट्रॅक्टरांवर हायड्रॉलिकचं तेल बॅकहोतून फिरून परत येतं. बॅकहो काढल्यावर त्या दोन पाइपांना एकमेकांशी जोडणारा तुकडा लावावा लागतो. तो विसरला की तेलाला वाट उरत नाही. कपलर (पाइप जोडायचं टोक) अर्धवट बसला तरी हेच होतं, बाहेरून मात्र तो बसलेला दिसतो. कपलर जोडताच येत नसेल तर पाइपात दाब अडकलेला असतो, उन्हात ठेवलेल्या बॅकहोत तर हमखास. इंजिन बंद ठेवून सगळे लिव्हर दोन्हीकडे हलवा आणि मग जोडा.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, फेसाळ दिसलं तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. बहुधा तेलाची पातळी कमी असते किंवा शोषणाच्या बाजूचा क्लॅम्प सैल असतो. सगळंच मंद चालत असेल तर पातळी आणि फिल्टर आधी पाहा. रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू पिळून दाब वाढवणं हा उपाय नाही. दाब मोजणारं गेज न लावता तो वाढवला तर पाइप, सिलिंडर आणि पंप यांपैकी जे कमजोर असेल ते आधी जातं. उचललेला लोडर हळूहळू खाली येत असेल तर सिलिंडरच्या आतला सील किंवा व्हॉल्व्ह झिजलाय. थोडं उतरणं चालतं, पण त्याखाली जाऊन काम करणं कधीच नाही.

गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या छिद्रातून निघणारं तेल कातडीत घुसतं आणि बाहेरून फक्त ठिपका दिसतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. काही तासांची दिरंगाई बोट गमावायला पुरते.

पिना आणि बुशांना दर आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस द्या. चिखलात काम केलं तर त्याच संध्याकाळी द्या. नव्या मशीनचे लोडरचे बोल्ट आणि चाकांचे नट पहिल्या काही तासांत सैल होतात, ते आवळा. पहिली सर्व्हिस बहुधा 50 तासांना येते, ती पुढे ढकलू नका.

इंजिन स्टार्टच होत नसेल तर बॅटरी बदलण्याआधी पीटीओ (अवजारांना ताकद देणारा फिरता दांडा) बंद आहे का, गियर न्यूट्रल आहे का, क्लच दाबलाय का, हे तपासा. मग सीटखालचा स्विच पाहा. बॅकहोच्या कामासाठी सीट फिरवलेली असते, ती नीट परत बसवली नसेल तर स्विच दबत नाही आणि स्टार्टर फिरत नाही. स्विचला तार जोडून तो कायमचा बंद करून टाकणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका.