दीड वजा करायचं राहिलं

ऑप्टोमेट्रीला, म्हणजे नजर तपासून नंबर काढायच्या कोर्सला, ॲडमिशन घेतलेल्या मुलामुलींचे मला दरवर्षी दोन-चार फोन येतात. बहुतेक लातूरकडचे, नीट एकदा-दोनदा देऊन इकडं वळलेले. फी किती, नोकरी कुठं लागते, हे त्यांनी आधीच कुणाला तरी विचारलेलं असतं. मग जरा घुटमळून खरा प्रश्न येतो, "ताई, वेळ मिळतो का हो?" कशाला, ते सांगत नाहीत. मला कळतं. गावाकडं जायला, झोपायला, आईशी फोनवर निवांत बोलायला.

मिळतो. पण मागून मिळत नाही, आधी ठरवून ठेवावा लागतो, आणि मला हे कळायला तिसरं वर्ष उजाडलं.

मी औसा तालुक्यातली. घरी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. लातुरात क्लासच्या गल्लीत दोन वर्षं काढली, दोन्ही वेळा नीटचे मार्क कमी पडले. लातुरात राहून नीट हुकली की एमबीबीएस नाही, बीएएमएस नाही, मग मुलगी करते तरी काय, याचं उत्तर अख्ख्या भावकीला द्यावं लागतं. मी संभाजीनगरला ऑप्टोमेट्रीला गेले तेव्हा चुलत्यांनी अण्णांना विचारलं, "चष्म्याच्या दुकानाला चार वर्षं कशाला पाहिजेत?"

अण्णांकडं उत्तर नव्हतं, कारण मीच त्यांना ते दिलं नव्हतं. नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना बसवून आपण काय शिकतो ते नीट समजावून सांगा. डोळ्याचे डॉक्टर ऑपरेशन करतात, औषध देतात. ऑप्टिशियन चष्मा बनवून बसवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, तिरळेपणा आणि आळशी डोळा तपासतो, आणि आत काही दुखणं दिसलं तर वेळेत डॉक्टरकडं पाठवतो. २०२१ साली केंद्राने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टही आहेत. हे ऐकून अण्णांचा चेहरा बदलला होता. कायद्यात नाव आहे म्हटल्यावर आमच्याकडं माणूस जरा सरळ बसतो.

याचा वेळेशी काय संबंध? घरच्यांच्या डोक्यात हा 'दुकानाचा कोर्स' असेपर्यंत प्रत्येक साखरपुड्याला, बारशाला, पाहुण्यांच्या वास्तुशांतीला फोन येतो, "एक दिवसानं काय होतंय?" ओपीडीची हजेरी मोजतात, तिथं आपल्या नावावर पेशंट लिहिलेले असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिलं वर्ष मला वाटलं होतं त्यापेक्षा गणिताचं निघालं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी पाठ करून निभावतं. ऑप्टिक्स निभावत नाही. प्रकाश डावीकडून येतो म्हणून अंतराला अधिक की उणे, यावर मी सबंध ऑगस्ट घालवला. बारावीपर्यंत सूत्र घोकायची सवय, आणि इथं एक भागिले मीटर म्हणजे डायॉप्टर, भिंगाची ताकद मोजायचं माप, एवढं साधं वाक्यही नुसतं पाठ करून चालत नव्हतं. पुढं तिसऱ्या वर्षी एक बाई नवा चष्मा घेऊन आल्या, नंबर बरोबर, तरी डोकं दुखतं म्हणत होत्या. सहा नंबरची भिंग, आणि एका डोळ्यासमोर त्याचा मध्य पाच मिलिमीटर सरकलेला. सहाला अर्ध्या सेंटिमीटरने गुणलं की तीन प्रिझम होतात, म्हणजे उजेड तेवढा बाजूला वळतो आणि डोळ्यांना ताण पडतो, हे पहिल्या वर्षातलंच गणित. तेव्हा मला ऑगस्ट वाया गेला नाही असं वाटलं. पण पहिल्या वर्षी मोकळा वेळ असतो, हे खरंच. जेवढं गावाकडं जायचंय तेवढं जाऊन घ्या.

दुसऱ्या वर्षी हातात रेटिनोस्कोप येतो आणि गणित बदलतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या डोळ्यात उजेडाची एक पट्टी सोडायची, ती हळू हलवायची आणि बाहुलीत दिसणारी लालसर चमक कुठं सरकते ते बघायचं. आपल्या पट्टीबरोबर सरकली तर प्लसची भिंग लावत जायची, उलटी सरकली तर मायनसची. एका क्षणी चमक सरकायची थांबते, बाहुली एकदम भरून उजळते. तिथं थांबायचं. आपण पेशंटपासून ६७ सेंटिमीटरवर बसलेलो असतो, म्हणून आलेल्या आकड्यातून दीड डायॉप्टर वजा करायचं. ५० सेंटिमीटरवर बसलं तर दोन. बोलता न येणाऱ्या बाळाचा, अक्षरओळख नसलेल्या आजीचा नंबर असाच निघतो.

वाचायला सोपं वाटतं. पहिले दोन महिने मला काहीच दिसलं नाही. खोटं कशाला बोला, मी शेजारणीच्या वहीतले आकडे बघून लिहायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून हे येत नाही, कारण हे हाताला यावं लागतं, पोळी लाटण्यासारखं. मग माझी हिंगोलीची रूम पार्टनर आणि मी एक ठरवलं: रोज तीन डोळे. दोन तिचे, एक शेजारच्या खोलीतल्या जी सापडेल तिचा, दुसऱ्या दिवशी तिने माझे. कॉलेजचा रेटिनोस्कोप सीनियरच्या हातापाया पडून आणायचा, खिडकीला चादर लावायची, पॅसेजच्या टोकाला दिव्याचं टिंब ठेवून तिला तिकडं बघायला लावायचं. अंतर चुकायचं, म्हणून मी सुतळीला ६७ सेंटिमीटरवर एक गाठ मारली आणि ५० वर दुसरी. एक टोक तिच्या कपाळाशी, दुसरं माझ्या. मेसच्या मावशी एकदा दारात आल्या, आम्हाला अंधारात सुतळी धरून बसलेलं बघून न बोलताच परत गेल्या.

पाऊण तास लागायचा. त्यानंतर मोबाइल, गप्पा, काय वाटेल ते. हा पाऊण तास आम्ही नागपंचमीलाही सोडला नाही, आणि तो सांभाळला म्हणून बाकीचा दिवस मोकळा वाटायचा. मुलं सांगतात की आम्ही सकाळी पाच ते रात्री अकरा टाइमटेबल केलंय. मी ऐकून घेते. ते आठ दिवस टिकतं.

एक गंमत सांगायची राहिली. प्रॅक्टिकलला एकमेकींच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालतात. दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती तरी मी फुशारकीने खुर्चीत बसले. ड्रॉप सायक्लोपेंटोलेटचा. तो बाहुली तर मोठी करतोच, पण जवळचं बघायची डोळ्याची ताकदच काही तास बंद करतो, पूर्ण उतरायला एखादा दिवसही लागतो. त्यात मला प्लसचा नंबर आहे हे त्याच दिवशी कळलं, इतकी वर्षं मी तो डोळ्याला ताण देऊन भागवत होते. रात्री वही हातभर लांब धरली तरी अक्षर जुळेना. पार्टनरने मला अख्खा धडा वाचून दाखवला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेशंट होऊ नका.

आता जी चूक मी हसून सांगू शकत नाही ती. तिसऱ्या वर्षी येळवस शनिवारी आली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. ही मार्गशीर्षातली अमावस्या. अख्खं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करतात, आत दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दिवाळीला नाही आलीस तरी चालेल, पण येळवशीला ये, असं आमच्याकडं आई म्हणते. मी शुक्रवारी गेले. रविवारी संध्याकाळी निघायचं ठरलेलं, पण आत्याने थांबवलं आणि मी रात्रीच्या एसटीत बसले. अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई, खिडकीची काच बंद होईना. पहाटे स्टँडवर उतरले, अंघोळ केली आणि नऊला ओपीडीत.

तिसरी पेशंट शिवणकाम करणारी बाई. रेटिनोस्कोपी केली, दोन्ही डोळ्यांना अडीच आलं. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात, अडीच लावलं आणि तक्ता वाचायला सांगितला. वरच्या तीन-चार ओळींच्या खाली जाईनात. मी घाबरले. बाईंच्या डोळ्यात काहीतरी आजार आहे असं मला वाटायला लागलं आणि मी ते जवळजवळ त्यांना बोलूनही दाखवणार होते. तेवढ्यात मॅडम आल्या, कार्ड बघितलं आणि हळूच विचारलं, "दीड कुठं गेलं?"

वजा करायचं राहिलं होतं. अडीच नव्हे, एक नंबर. भिंग बदलली, बाईंनी खालपर्यंत वाचलं. मॅडम बाकी काही बोलल्या नाहीत. बाई मात्र उठताना म्हणाल्या, "पोरी, झोपली नाहीस वाटतं." एसटीच्या खिडकीच्या वाऱ्याने माझेच डोळे लाल झाले होते.

तेव्हापासून रात्रीचा प्रवास करून थेट ओपीडीत उभं राहायचं नाही, हा नियम मी मोडलेला नाही. रविवारची दुपारची गाडी चुकली तर सोमवारची रजा टाकायची, पण अर्धवट झोपेत दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावायचा नाही. हा किस्सा मी अण्णांना सांगितला. त्यांना डायॉप्टर कळत नाही, पण आता घरून निघताना चुलत्यांनी आग्रह केला की तेच म्हणतात, "जाऊ द्या तिला. तिचं दीड ऱ्हातंय."

त्याच येळवशीचं आणखी एक. कोपीबाहेर जेवणं झाल्यावर भावकीने मला घेरलं, "डोळ्याचं शिकलालीस नव्हं, बघ की मग." हत्यार काहीच नव्हतं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला जाड सुईने भोक पाडलं आणि पलीकडच्या बांधावरच्या पाटीकडं बघायला लावलं. बारीक भोकातून स्पष्ट दिसलं तर बहुधा नंबराचा प्रश्न, नाही दिसलं तर दुसरं काही असू शकतं, तपासून घ्यावं. चुलत्यांना भोकातून पाटी दिसली. तेच ते, चष्म्याच्या दुकानवाले. आज्जीला दिसली नाही. "मला त सगळं धुकट दिसलालंय गं," ती म्हणाली, आणि वर म्हणाली की मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू. हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलं होतं, आणि ते माझ्याच घरात दोन वर्षं चाललं होतं. पिकायची वाट बघायची गरज आता राहिलेली नाही, उलट फार पिकला तर काढणं अवघड होतं. महिनाभरात लातुरात ऑपरेशन झालं. मी जाऊ शकले नाही, प्रॅक्टिकल परीक्षा होती. पट्टी काढल्यावर आज्जीने व्हिडिओ कॉलवर पहिली तक्रार केली की मी वाळले आहे.

तिसऱ्याच वर्षी स्थळ आलं. यावर लांबण लावत नाही. मुलींना एवढंच सांगते की 'शिक्षण झाल्यावर बघू' असं मोघम बोलू नका, घरचे त्याचा अर्थ तिसरं वर्ष संपल्यावर असा घेतात. आमच्या वेळी कोर्स चार वर्षांचा होता, तीन वर्षं वर्ग आणि चौथं इंटर्नशिपचं, आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय डिग्री हातात नाही. मी महिना आणि साल सांगून टाकलं. आई रुसली, अण्णांनी पाहुण्यांना तोच महिना सांगितला. पाहुणे थांबले नाहीत. बरं झालं.

इंटर्नशिपबद्दल कोणी सांगत नाही ते म्हणजे तिथं अभ्यास कमी आणि दमणूक जास्त. शिबिराचे दिवस असले की पहाटे गाडी निघते, खेड्यातल्या शाळेच्या वर्गात तक्ता लावायचा, सहा मीटर मोजायचे, आणि दुपारपर्यंत रांग हलत नाही. ऊसतोडीला जाणारी, पानाचा मार लागून डोळ्यात फूल पडलेली माणसं. उन्हातान्हात आयुष्य काढलेल्यांच्या डोळ्यात वडस, बुबुळावर चढत येणारं मांस. स्टायपेंड सगळीकडे मिळतोच असं नाही, तो आधी विचारून घ्या, लाजू नका. त्या वर्षी मी मैत्रिणी गमावल्या. दोघींच्या लग्नाला गेले नाही, एकीने फोन उचलायचं सोडलं. ते अजून भरून आलेलं नाही, आणि मला त्यावर उपाय माहीत नाही.

सध्या मी लातुरात आहे, औशाला संध्याकाळी परत. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा फोन आला, रेणापूरची. ऑप्टिक्स जड जातंय का विचारलं तर म्हणाली ते जाऊ द्या, येळवशीला सुट्टी असते का? म्हटलं, तिकडं नसते. कॅलेंडर बघ, अमावस्या कोणत्या वारी आहे ते आत्ताच मॅडमला सांगून ठेव, आणि परतीचं तिकीट दिवसाचं काढ.