भाड्याच्या खोलीतल्या सामानाचा विमा कसा घ्यावा : नागपुरात शिकणाऱ्यांसाठी

हिंगणा रोड असो, नंदनवन असो की मेडिकल चौकाचा परिसर, खोली घेताना हमखास ऐकायला मिळतं, ‘घराचा विमा आहे, काळजी नको.’ तो विमा घरमालकाचा असतो आणि त्याच्या भिंती-छपरापुरता असतो. तुमच्या लॅपटॉपचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आधी यादी करा. वस्तू, सिरियल नंबर, बिल आणि फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा. मोबाइलवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तोही लिहा. लॅपटॉपचं बिल वडिलांच्या नावावर असेल तर पॉलिसी घेतानाच कंपनीला तसं लेखी कळवा. रक्कम ठरवताना जुनी किंमत धरू नका, तीच वस्तू आज नवी घ्यायला किती लागतील ते धरा. लॅपटॉप ५५,०००, सायकल ९,०००, कूलर ७,०००, पुस्तकं ६,०००, गादी-कपडे ८,००० म्हणजे ८५,०००. कमी रकमेचा विमा काढून हप्ता वाचवू नका. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात भरपाईही कापली जाते.

मग पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारख्याच मूळ अटींची, पॉलिसी मिळते. भाडेकरूने इमारत सोडून फक्त सामानाचा भाग घ्यायचा. आग, वीज पडणं, पूर हे सगळं त्यात येतं. पुराला हसू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. तळमजल्यावर राहत असाल तर लॅपटॉप रात्री जमिनीवर चार्जिंगला लावूच नका. कूलरची मोटर नुसती जळाली तर पैसे मिळत नाहीत. तिच्यामुळे आग लागून सामान जळालं तर मिळतात.

खरी मेख चोरीत आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. ‘भारत गृह रक्षा’मध्ये चोरीची भरपाई फक्त पूर, आग अशा घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका.

तेवढ्यानेही भागत नाही. पॉलिसीतल्या घरफोडीचा अर्थ जबरदस्तीने आत शिरणं असा आहे. कुलूप तुटलेलं, कडी उखडलेली, खिडकीचा गज वाकवलेला, असं काहीतरी दिसावं लागतं. दार उघडं टाकून मेसला गेलात आणि लॅपटॉप गेला, तर ती चोरी असते, घरफोडी नसते. रूममेटकडे आलेल्या पाहुण्याने उचलला तरी तेच, कारण तो आत राजरोस आलेला असतो. म्हणून पाच मिनिटांसाठी जाताना सुद्धा कुलूप लावाच. कोयंडा लाकडात फक्त दोन छोट्या स्क्रूंवर असेल तर तो आरपार बोल्ट घालून बसवून घ्या.

चोरी झालीच, तर घाबरून खोली आवरायला घेऊ नका. उखडलेला कोयंडा आणि तुटलेलं कुलूप जिथे पडलं आहे तिथेच राहू द्या, जवळून आणि लांबून फोटो काढा, ११२ ला फोन करा. पंचनाम्याआधी कडी दुरुस्त केली की तुमचा मुख्य पुरावा गेला. ठाण्यात तक्रार अर्जावर शिक्का मारून घेऊन परतू नका. एफआयआरच हवा, आणि त्यात ‘कुलूप तोडून प्रवेश’ हे शब्द हवेत. घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ आणि घरफोडीला ३३१ लागतं. फक्त चोरीचं कलम दिसलं तर सही करण्याआधी विचारा. ‘वस्तू हरवली’ अशी ऑनलाइन नोंद दाव्याला पुरत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

मोबाइल बाहेर चोरीला गेला तर घरातल्या सामानाची पॉलिसी सहसा कामी येत नाही, त्याचा विमा वेगळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली महिनाभर बंद राहणार असेल तर आधी अटी वाचा. अनेक पॉलिसींत सलग ३० दिवस घर रिकामं राहिलं की घरफोडीचं संरक्षण थांबतं. जाण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि लॅपटॉप सोबतच न्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५.