हरभरा: युरियाचं पोतं फोडण्याआधी मुळावरची गाठ फोडून बघा

पेरणीला 30 ते 35 दिवस झाले की वापशावर (जमीन ना चिखल ना कोरडी असताना) शेतातल्या पाच ठिकाणची रोपं कुदळीने मातीसकट काढा. उपटू नका, उपटलं की गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुऊन गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती कामावर आहे, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधून रोपाला देतायत. पांढरी, टणक गाठ फुकट बसून खाणारी. हिरवट पडलेली गाठ म्हातारी झाली किंवा पाण्याच्या ताणाने संपली.

हा लाल रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. हवेतला नत्र बांधणारं जिवाणूंमधलं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने लगेच निकामी होतं, पण जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजून-मापून पोचवतं. बांधलेल्या या नत्रातून पानातली बरीचशी प्रथिनं बनतात आणि घाटे भरताना ती मोडून दाण्यात उतरतात. म्हणजे डाळीतल्या प्रथिनाचा पाया मुळावरच पडतो.

गाठी पांढऱ्या किंवा नसल्यातच जमा असतील, तर चूक बहुधा बीजप्रक्रियेत झालेली असते. सोयाबीनच्या जिवाणू खताचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. हरभऱ्याचंच, मुदतीतलं, सावलीत ठेवलेलं रायझोबियम, म्हणजे गाठीतल्या या जिवाणूंचं खत, घ्या. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम द्रावणात जिवाणू मरतात, आणि घाई होते ती इथेच. 10 किलो बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी 250 ग्रॅम, बी ओलसर होईल एवढ्याच द्रावणात चोळा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं तर आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. प्रक्रिया केलेलं बी डीएपीत (नत्र-स्फुरदाचं खत) मिसळून पेरू नका. खताच्या क्षाराने जिवाणू मरतात आणि केलेली मेहनत पाण्यात जाते.

पेरताना एकरी 50 किलो डीएपी आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरेसं आहे. त्यावर पुन्हा युरिया फेकला की आयता नत्र मिळालेलं रोप गाठींना पोसायचं थांबवतं, पीक नुसतं माजतं, घाटे कमी लागतात. नायट्रोजिनेजला मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य लागतं म्हणून काही जण ते विकत आणतात. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते सहसा उपलब्ध असतं, तिथे त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पाणी हलकंच द्या. काळ्या रानात पाणी साचलं की मुळांचा श्वास कोंडतो, गाठी सडतात आणि पीक उभळून (वाळून) जातं. उलट फुलोऱ्यात ताण बसला तर पहिला मार गाठींवर. भेगा पडेपर्यंत थांबून मग भरभरून पाणी देणं सर्वांत वाईट.

फुलोरा सुरू होताना 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, फवारा. 10 ते 15 दिवसांनी पुन्हा एकदा. या वेळी गाठी थकत आलेल्या असतात, म्हणून इथे मात्र युरिया कामी येतो. कोरडवाहूत ओल तुटत असेल तर 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे 10 लिटरला 100 ग्रॅम.

तापमान 35 अंशांपुढे गेलं की परागकण वांझ होतात आणि फूल गळतं. उष्म्यात पेशीतली प्रथिनं विस्कटू नयेत म्हणून रोप खास रक्षक प्रथिनं बनवतं, पण त्यांनाही मर्यादा आहे. पेरणी डिसेंबरवर गेलीच, तर उष्णता सोसणारं जेजी 14 सारखं वाण घ्या.