शाळेच्या ग्रंथालयातील सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल : या चुका टाळा

डिस्क कपाटात, मॅन्युअल संगणक कक्षात, प्रॉडक्ट की (सॉफ्टवेअर बसवताना टाकायचा सांकेतिक क्रमांक) फाटलेल्या खोक्यावर आणि बिल कार्यालयाच्या फाइलीत. सगळं शाळेतच असतं, तरी नव्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवता येत नाही. बहुतेक अडचणींचं मूळ या ताटातुटीत आहे.

नोंदवहीत नुसतं ‘सीडी, 1 नग’ लिहिणं

पूर्ण संचाला एकच दाखल क्रमांक द्या आणि त्याचे भाग पाडा: 2315/1 डिस्क, 2315/2 मॅन्युअल, 2315/3 परवाना. शेऱ्यात आवृत्ती, परवाना किती संगणकांचा, बिलाचा क्रमांक व तारीख, आणि ज्या संगणकावर बसवलं त्याचा जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीतला क्रमांक लिहा. प्रॉडक्ट की वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. विद्यार्थ्यांना दिसणाऱ्या तालिकेत ती चुकूनही नको.

पुस्तकासोबत आलेली सीडी पुस्तकाच्याच क्रमांकाखाली ठेवा आणि तारीखपट्टीवर ‘सोबत सीडी 1’ असं ठळक लिहा. हे लिहिलं नाही तर परत घेताना कोणी पाकीट उघडून बघत नाही.

एक परवाना, वीस संगणक

संगणकासोबत आलेली ओईएम विंडोज साधारणपणे त्याच यंत्रापुरती असते. ते यंत्र निर्लेखित झालं, म्हणजे नोंदीतून काढून टाकलं, की तिची की दुसरीकडे वापरता येत नाही. बॅकअपची प्रत मात्र बिनधास्त काढा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(एए) नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, मूळ प्रत हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून तशी मुभा आहे. ती प्रत देवघेवीसाठी नाही.

डिस्कवर स्टिकर चिकटवणं

कागदी स्टिकर एका बाजूने सुटला की वेगाने फिरणारी डिस्क थरथरते, वाचन अडतं आणि कधी कागद ड्राइव्हमध्ये अडकतो. दाखल क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. बॉलपेन नकोच. सीडीची माहिती छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असते, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक ठरतो. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

डिस्क आली त्याच आठवड्यात तिची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत ग्रंथालयाच्या संगणकाबाहेर. विंडोज 8 पासून पुढे ही फाइल डबल-क्लिकने डिस्कसारखी उघडते, ड्राइव्ह लागत नाही.

‘चालत नाही’ म्हणून जुनी डिस्क रद्द करणं

आधी कारण शोधा. विंडोज 95 च्या काळातल्या कित्येक शैक्षणिक सीडींचा इन्स्टॉलर 16-बिटचा आहे आणि 64-बिट विंडोज तो मुळीच चालवत नाही. अशा सीडीसाठी 32-बिट विंडोजचा एक जुना संगणक इंटरनेट न जोडता राखून ठेवा. विंडोजआधीच्या डॉस प्रणालीचे प्रोग्रॅम डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये चालतात. ब्राउझरमध्ये उघडणारे फ्लॅशचे धडे 12 जानेवारी 2021 पासून अडवले गेले. त्यातले बरेचसे रफल या मुक्त प्रोग्रॅमने दिसतात. पण त्याच सीडीवर धड्याची स्वतंत्र ईएक्सई फाइल असेल तर आधी तीच चालवून पाहा.

मॅन्युअल जुनं दिसलं की रद्दीत घालणं

सॉफ्टवेअर एकाही संगणकावर वापरात असेल तोवर त्याचं मॅन्युअल काढू नका. उलट, वापरात नसलेल्या आवृत्तीचं मॅन्युअल मांडणीवर ठेवलं तर मुलं पडद्यावर नसलेला मेनू शोधत बसतात. म्हणून कण्यावर नावाशेजारी आवृत्ती लिहा. ड्यूई वर्गांकानुसार मॅन्युअल 005 (संगणक प्रोग्रॅम) मध्ये शोभतं, पण गणिताची शैक्षणिक डिस्क 510 (गणित) मध्येच असावी. गणिताचे शिक्षक तिथेच बघतात.

तालिका जुन्या फॉन्टमध्ये ठेवणं

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी नव्या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये नेल्या की निरर्थक अक्षरं दिसतात. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखं सॉफ्टवेअर घेण्याआधी नोंदी परिवर्तकाने (फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने) युनिकोडमध्ये आणा आणि पन्नासेक शीर्षकं डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इथे हमखास गडबड होते.