मोसंबी तोडणीनंतर सडते? औषध बदलण्याआधी या चुका टाळा

अंबड, घनसावंगी, पैठण पट्ट्यात आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी) मोसंबी पाऊस सरता सरता तोडणीला येते. फळ ओलं, हवा दमट. चार दिवसांनी बाजारातून फोन येतो, "माल सडला." मग आपण म्हणतो, औषध बोगस निघालं. बहुतेक वेळा औषध ठीकच असतं. चुकलेली असते वेळ, नाहीतर रोगाची ओळख.

आधी सडलेलं फळ हातात घेऊन नीट बघा.

पांढऱ्या कडेत हिरवी भुकटी दिसली तर ती पेनिसिलियमची हिरवी बुरशी. ही धडधाकट सालीतून आत शिरत नाही, तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, काटा, क्रेटची धारदार कड, आणि सर्वांत जास्त म्हणजे फळ ओढून तोडणं. देठाशी साल फाटते आणि दार उघडतं. म्हणून कात्रीच वापरा. इमॅझॅलिल किंवा थायबेंडॅझोल या बुरशीनाशकांची प्रक्रिया तोडणीपासून 24 तासांच्या आत झाली तर उपयोग. दोन दिवस झाडाखाली ढीग ठेवून मग फळं औषधाच्या टाकीत बुडवली, तर तोवर बुरशी सालीत मुरलेली असते.

देठापासून काळपट तपकिरी कूज खाली उतरत असेल तर तिचं मूळ बागेत आहे. वाळलेल्या फांद्यांवरची बुरशी देठाच्या टोपीत लपून येते. तिथे टाकीतलं औषध अपुरं पडतं. सल, म्हणजे या वाळलेल्या फांद्या, काढा, जाळा.

फळ पाणचट होऊन आंबट वास येतो, चिलटं घोंगावतात? ही आंबट कूज. तिच्यावर वरची दोन्ही औषधं चालत नाहीत. स्वच्छता हाच मुख्य इलाज.

एक चूक मला फार खुपते. बागेत वर्षभर कार्बेन्डाझिम किंवा थायोफेनेट मिथाईल ही बुरशीनाशकं फवारायची आणि तोडणीनंतर थायबेंडॅझोल वापरायचं. तिन्ही एकाच कुळातली. एकाला सरावलेली बुरशी बाकीच्यांनाही दाद देत नाही. इमॅझॅलिलचा गट वेगळा आहे. मात्र लेबलवर मोसंबीसाठी काढणीनंतरचा वापर छापलेला असेल, तेच औषध घ्या. बागेतलं उरलेलं औषध टाकीत ओतू नका, ते खाणाऱ्याच्या पोटात जातं.

फळं धुण्याचं पाणी गढूळ झालं की त्यात टाकलेलं क्लोरीन मातीतच संपतं, तेव्हा पाणी बदला. सडकी फळं टाकीजवळ निवडू नका.

पुढच्या तोडणीला वीस फळं प्रक्रिया करून आणि वीस तशीच, खुणा करून आठ दिवस घरी ठेवा. कूज जखमेतून आली की देठातून, हे स्वतः बघा आणि मगच दुकानात जा.