मानवी जनुकशास्त्रात पोस्टडॉक: आधी नमुने कुणाचे ते विचारा

गेल्या चवथीला डिचोलीला घरी गेले होते. माटोळी (गणपतीवरचं फळांचं छत) बांधायची धांदल चाललेली, मी स्टुलावर चढून सुपाऱ्यांचा घड अडकवत होते आणि खालून शेजारची मुलगी विचारत होती, "ताई, माझी पीएचडी मार्चपर्यंत संपेल. मानवी जीनोमिक्समध्ये पोस्टडॉक करायचाय. गोव्यातून कुणी जातं का तिकडे?" जातं. मी गेले होते. (पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम.) त्या दिवशी तिला जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत होतं, मध्ये आई "आधी नारळ दे इकडे" म्हणत होती. तेच इथे लिहितेय, फार नीट लावून नाही.

माझी पीएचडी खारफुटीच्या चिखलातल्या जीवाणूंवर. रायबंदरच्या बाजूला ओहोटीला चिखलात उतरायचं, बरण्या भरायच्या आणि स्कूटरवरून ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात आणायच्या, अशी पाच वर्षं काढली. माणसाच्या जनुकांशी संबंध शून्य. पण जीवाणूंचे जीनोम (म्हणजे त्यांचा सगळा डीएनए) जुळवता जुळवता कमांड लाइन (टाइप करून संगणकाला आज्ञा देणं) हाताखाली आली होती, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जमायला लागली होती आणि 2018 मध्ये त्याच शिदोरीवर दक्षिणेतल्या एका संस्थेत मला पोस्टडॉक मिळाला. म्हणून सुरुवातीलाच सांगते: पीएचडीचा विषय वेगळा आहे म्हणून मागे राहू नका. मात्र फजितीची तयारी ठेवा.

माझी फजिती तिसऱ्या दिवशी झाली. एका रुग्णाचा डेटा स्क्रीनवर उघडला होता. एका जागी निम्म्या रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) ए हे अक्षर, निम्म्यांत जी. मी गाइडना सांगितलं, "सर, नमुन्यात भेसळ आहे." जीवाणूत जीनोमची एकच प्रत. तिथे एका जागी दोन अक्षरं दिसली की आपण दुसरा जीवाणू शिरला असंच समजतो. सर दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "भेसळ नाही, एक आईकडून आलंय, एक वडिलांकडून." बारावीत शिकलेली गोष्ट! पुढचे दोन आठवडे मी पदवीच्या पहिल्या वर्षाचं जनुकशास्त्राचं पुस्तक पुन्हा वाचलं, आणि ते वाचताना कुणी बघत नाही ना हेही पाहिलं.

आता मुद्द्याचं. पोस्टडॉक शोधताना सगळे संस्थेचं नाव बघतात: हैदराबादची सीसीएमबी आणि सीडीएफडी, दिल्लीची आयजीआयबी, बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी, खारघरचं ॲक्ट्रेक, परदेशात सँगर किंवा ब्रॉड. नावं उत्तमच आहेत. पण मानवी जनुकशास्त्रात त्याआधी एक प्रश्न येतो: नमुने कुणाचे आणि ते आत्ता कुठे आहेत? फ्रीजरमध्ये, की प्रस्तावात?

मी हा प्रश्न विचारला नव्हता. प्रकल्प दुर्मीळ आजार असलेल्या कुटुंबांवर होता आणि कागदावर सुंदर होता. मी रुजू झाले तेव्हा एथिक्स कमिटीची मंजुरी "येतच होती". ती यायला अकरा महिने लागले. संमतीपत्रात डेटा इतरांना देण्याबद्दलचं कलम नव्हतं म्हणून ते परत गेलं, मग भाषांतरं अडली. प्रकल्पात परदेशी भागीदार आला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते, हे मला तिथेच कळलं. दोन वर्षांच्या फेलोशिपमधले अकरा महिने म्हणजे काय ते तुम्हीच मोजा. चिखलाच्या बरणीला संमतीपत्र लागत नाही, माणसाला लागतं. आणि ते लागायलाच हवं. पुढे एका आजोबांनी सही करण्याआधी विचारलं, "हे रक्त तुम्ही किती वर्षं ठेवणार? आणि माझ्या नातीला काही निघालं तर सांगणार ना?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं फॉर्ममध्ये होती, पण अशा मराठीत की मलाही दोनदा वाचावं लागलं.

म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा: नमुने किती जमलेत, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) झालंय का, मंजुरी कधीपर्यंतची आहे, आणि मी लॅब सोडल्यावर डेटावर काम करू शकेन का. चांगला पीआय (लॅबचा प्रमुख) या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तेही उत्तरच.

त्या अकरा महिन्यांत मी खुला डेटा वापरला, आणि खरं शिक्षण तिथे झालं. यूके बायोबँक या ब्रिटनच्या आरोग्य आणि जनुकांच्या डेटासंग्रहात पाच लाख लोक आहेत, पण बहुतेक युरोपीय वंशाचे. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये तो डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना अर्ज करून मिळण्याची सोय झाली. मी शोधत होते तेव्हा हे नव्हतं. आज ज्याच्याकडे नमुने नाहीत पण प्रश्न चांगला आहे, त्यालाही काम सुरू करता येईल.

भारतीय नमुने का, याचं एक उदाहरण पाठ असू द्या. एमवायबीपीसी3 या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाच्या जनुकात 25 अक्षरं गळालेली असतात, दक्षिण आशियात साधारण दर 100 जणांत 4 जणांत. या लोकांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका जास्त असतो हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. नुसत्या युरोपीय नमुन्यांत शोधलं असतं तर ते हाती लागलं नसतं.

दुसरं उदाहरण घरचंच. मुलाखतीच्या सरावासाठी मी स्वतःची वंशावळ काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आजी अंगणात नाचणी निवडत सांगत गेली. चार पिढ्या झाल्या तरी मये, नार्वे, कारापूर याबाहेर कुणी जाईना. दुहेरी रेघ एकही नाही, आमच्याकडे चुलत-मामेभावंडांत लग्न नाही. पण तीच आडनावं, तीच कुळं फिरून फिरून येत होती. आजी म्हणाली, "सोयरिक ओळखीतच करायची ना गो!" शेकडो वर्षं जातीतच आणि चार गावांतच लग्नं झाली की फार पूर्वीच्या एखाद्याच पूर्वजाचा दोष आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्ही वाटांनी बाळापर्यंत पोहोचू शकतो. याला फाउंडर इफेक्ट म्हणतात. तो कागद मी मुलाखतीला नेला नाही, पण त्यावर बोलले, आणि पॅनेलवरच्या बाई पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकल्या.

त्याच मुलाखतीत एक चूक झाली. त्यांनी एक व्हेरिएंट (जनुकातला बदल) दाखवून त्याचं वर्गीकरण विचारलं. (व्हेरिएंटच्या वर्गीकरणाच्या 2015 च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत पाच वर्ग आहेत, रोगकारकापासून निरुपद्रवीपर्यंत. ही मार्गदर्शिका वाचल्याशिवाय क्लिनिकल जीनोमिक्सच्या मुलाखतीला जाऊ नका.) मी ठासून सांगितलं, "रोगकारक. जगाच्या डेटाबेसमध्ये हा एकदाही सापडत नाही." त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या डेटाबेसमध्ये तुमच्या गावचे किती?" योग्य उत्तर होतं मधला वर्ग, 'महत्त्व अनिश्चित'. तरीही निवड झाली. का ते मी कधी विचारलं नाही.

ईमेलबद्दल. माझ्या पहिल्या तीसेक ईमेल "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड" अशा सुरू व्हायच्या. दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. पुढच्या सहा ईमेल वेगळ्या लिहिल्या. त्यांतली एक साधारण अशी होती: तुमच्या पेपरातल्या ज्या कुटुंबांना एक्झोममधून (जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचून) उत्तर मिळालं नाही, त्यांच्यात मोठे तुकडे गळालेले किंवा उलटे बसलेले असू शकतील. मी जीवाणूंचे जीनोम लाँग-रीडने (लांब तुकडे वाचणाऱ्या तंत्राने) जुळवलेत, त्या कामाचा कोड इथे आहे, तुमच्या दोन कुटुंबांवर करून बघू का? सहांपैकी चौघांनी उत्तर दिलं. एक पेपर नीट वाचायला एक संध्याकाळ लागते, तेवढी द्या. आणि सुरुवात थिसिस जमा केल्यावर नको, वर्षभर आधी करा.

पैशाचं थोडक्यात. मी रुजू झाले तेव्हा रिसर्च असोसिएटला (पोस्टडॉकचंच एक पद) सुरुवातीला महिना 36,000 मिळत. 2019 पासून ते 47,000 झाले आणि 1 जानेवारी 2023 पासून 58,000, अधिक घरभाडं. आकडा ठीक आहे, पण तो दर महिन्याला येईल असं धरू नका. माझे पहिल्यांदा पाच महिने थकले होते. सहा महिन्यांचा खर्च खात्यात ठेवून मगच गाव सोडा. स्वतःची फेलोशिप हवी तर केंद्र सरकारची संशोधनाला निधी देणारी संस्था एएनआरएफची (पूर्वीच्या सर्बची) राष्ट्रीय पोस्टडॉक बघा. तिला वयाची अट 35 आहे, महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट मिळते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटीची) रिसर्च असोसिएटशिप आहे, इंडिया अलायन्सही आहे. परदेशासाठी फुलब्राइट-नेहरू, एम्बो (युरोपातली जीवशास्त्रज्ञांची संघटना) आणि युरोपची मेरी क्युरी. मेरी क्युरीत ज्या देशात जायचं तिथे गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, तिची मुदत बहुधा सप्टेंबरात असते, म्हणजे नेमकी चवथीच्या आसपास. एम्बोला पीएचडीनंतर दोनच वर्षं मिळतात, इकडे बरेच जण तिथेच चुकतात. फुलब्राइटवर अमेरिकेला गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. सही करण्याआधी नवऱ्याला-बायकोलाही सांगून ठेवा.

खास गोव्यासाठी एक गोष्ट. आपल्याकडे घराघरात कुणीतरी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असतो. युरोपात व्हिसाचा त्रास वाचतो हे खरं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि राष्ट्रीय पोस्टडॉक किंवा फुलब्राइट-नेहरूसाठी भारतीय नागरिक असावं लागतं. माझ्या एका बॅचमेटला हे अर्ज भरताना कळलं. पासपोर्ट आधी, फेलोशिप नंतर असा क्रम लावण्याआधी दोन्हीचे नियम शेजारी ठेवून वाचा.

ओल्या लॅबचं (हाताने नमुने, रसायनं हाताळायचं) काम की संगणकाचं? शेजारच्या मुलीला मी सांगितलं, दोन्ही थोडं थोडं यायला हवं, पण सहा महिन्यांत शिकता येईल ते संगणकाचं. लिनक्स, आर किंवा पायथन, आणि प्लिंक, जीएटीके ही जनुकीय डेटा तपासायची अवजारं. हे घरी बसून होतं, वीज गेली नाही तर. रुग्णाशी बोलणं, वंशावळ काढणं, अहवाल समजावणं हे मात्र इस्पितळातच शिकता येतं. ज्या लॅबचा जनुकशास्त्र ओपीडीशी रोजचा संबंध आहे, तिथे पगार कमी असला तरी मी जाईन.

परत येण्याबद्दल तिने विचारलं नाही, पण विचारेल. माणसाच्या जनुकशास्त्रालाच वाहिलेली मोठी संस्था गोव्यात नाही. विद्यापीठ आहे, झुआरीनगरचं बिट्स आहे, बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. जागा निघतात, पण मोजक्या, आणि जाहिरात बहुधा 'जैवतंत्रज्ञान' या नावाने येते. राज्य सरकारच्या महाविद्यालयात यायचं असेल तर 15 वर्षांचा रहिवासी दाखला लागतो आणि कोकणी यावी लागते, मराठी आली तर बरं असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. मामलेदार कचेरीत दाखल्यासाठी मी तीन खेपा घातल्या. तुम्ही जाण्याआधीच काढून ठेवा आणि मूळ प्रत आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. माझी तिथेच सापडली.