कोरडी जर्मन रीसलिंग आणि सोलापुरी जेवण

रीसलिंग ही त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन. ती गोडच असते असं समजून बाटली उचलली की फसगत होते. आधी लेबल वाचा. ‘ट्रॉकेन’ म्हणजे कोरडी, गोड नसलेली. लिटरमागे साखर फार तर ९ ग्रॅम, आणि तीही आम्ल तोलाचं असेल तरच. ‘हाल्बट्रॉकेन’मध्ये साखर १८ ग्रॅमपर्यंत जाते. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात व्याख्या नाही, पण चवीला ती याच्याच आसपास असते. ‘काबिनेट’ आणि ‘श्पेटलेझे’ हे शब्द द्राक्षं तोडताना किती पिकली होती तेवढंच सांगतात, त्यामुळे श्पेटलेझे कोरडीही असू शकते. काहीच उमजलं नाही तर अल्कोहोलचा आकडा बघा. १२ टक्के किंवा जास्त असेल तर बहुधा कोरडी. ८ टक्के असेल तर साखर बाटलीत उरलेली आहे, म्हणजे गोड.

आता तिखटाचं. अल्कोहोलनं मिरचीची आग भडकते आणि ती शमवायला कोरड्या वाईनमध्ये साखर नसते. म्हणून काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर ही वाईन उघडूच नका. तोंड पोळतं आणि रीसलिंगचा हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा वास मसाल्यात पार बुडून जातो. तिखट जेवणच करायचं असेल तर हाल्बट्रॉकेन आणा.

कोरड्या रीसलिंगची खरी जोडी जमते ती तेल, मीठ आणि कुरकुरीतपणाशी, कारण तिचं आम्ल जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढतं. उजनी धरणातली ताजी चिलापी मासळी मिळाली तर सोनंच. अर्धा किलो तुकड्यांना पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून वीस मिनिटं ठेवा. मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे घेऊन त्यात घोळवा आणि तव्यावर तेल सोडून तळा. वरून आणखी लिंबू पिळू नका. पदार्थ वाईनपेक्षा आंबट झाला की वाईन पाणचट लागते.

शेंगा चटणीही जमते, पण नुसती नको. कुटून तेल सुटलेली चटणी दोन चमचे घ्या, अर्धी वाटी घट्ट, गोडसर दह्यात कालवा आणि कडक भाकरीचे तुकडे त्यात बुडवून खा. दही आंबट असेल तर इथंही तेच होतं. थंडीत हुरडा असेल तर तो मीठ लावून खा, गुळाबरोबर नको. भाजलेल्या ज्वारीचा धुरकट गोडवा या वाईनला फार शोभतो. कांदाभजी, लोणी लावलेले धपाटे हेही चालतात. शेंगापोळीबरोबर मात्र कोरडी वाईन नुसती आंबट लागते.

वाढताना वाईन ८ ते १० अंशांवर हवी. फ्रिजमध्ये तीन तास पुरतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ती लवकर गार होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पेला बघता बघता कोमट होतो, म्हणून एका वेळी ७५ ते १०० मिलीच ओता. पेल्यात बर्फ टाकू नका.

बाटली माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाच्या तापानं बूच वर सरकतं आणि वाईनला शिजलेल्या सफरचंदाचा वास येतो. मग ती सुधारत नाही. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, अपाय नाही. जुन्या रीसलिंगला पेट्रोलसारखा वास येतो, तोही दोष नव्हे. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.